मैदान सरकारचे, संघ कोणाचा?

पुणे, जानेवारी २०२६

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
शिवछत्रपती क्रीडा संकुल, म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे

विषय : बालेवाडीचे फुटबॉल मैदान व्यावसायिक संघांना देताना संघमालकांवर शहर, खेळाडू व समर्थक यांच्या हिताच्या अटी बंधनकारक करण्याबाबत.

महोदय,

आम्ही पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील फुटबॉलचे समर्थक आहोत. बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसून घसा बसेपर्यंत ओरडलेले, आणि सामना संपल्यावर रात्री घरी कसे पोहोचायचे याची चिंता केलेले. २०१४-१५ च्या हंगामात या शहराचे तीन संघ राष्ट्रीय पातळीवर खेळत होते : आय-लीगमध्ये पुणे एफसी आणि भारत एफसी, इंडियन सुपर लीगमध्ये एफसी पुणे सिटी. आज एकही नाही. तिन्ही गेले, त्यानंतर आलेला चौथाही गेला. यांतला एकही संघ खेळात हरून बाहेर पडलेला नाही. प्रत्येक वेळी निर्णय मालकाच्या दालनात झाला आणि आम्हाला तो वर्तमानपत्रातून कळला.

प्रथम वस्तुस्थिती मांडतो. पुणे एफसी २००७ मध्ये स्थापन झाला. २००९-१० मध्ये आय-लीगमधल्या पहिल्याच हंगामात तो तिसरा आला, २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग उपविजेता ठरला. २०१५ मध्ये तो बंद झाला. भारत एफसी एक हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्सने आय-लीगमध्ये दोन हंगाम काढले आणि २०१७ नंतर तोही दिसला नाही. एफसी पुणे सिटीचे दुखणे सर्वांत ताजे, म्हणून त्याबद्दल थोडे अधिक. ७ मार्च २०१८ रोजी या संघाने बालेवाडीत बेंगळुरूविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना ०-० असा बरोबरीत सोडवला. सुपर लीगमध्ये पुण्याने तिथवर मजल मारण्याची ती पहिलीच वेळ. परतीच्या सामन्यात सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि आमचा हंगाम संपला. हरलो याचे वाईट वाटले, पण तो खेळाचा भाग होता. ऑगस्ट २०१९ मध्ये मात्र कळले की संघच राहिला नाही. आर्थिक अडचणींमुळे पुण्याची जागा हैदराबाद एफसी नावाच्या नव्या संघाला मिळाली.

त्या जागेचा पुढचा प्रवास आपण जरूर पाहावा. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, केरला ब्लास्टर्सला पेनल्टींवर हरवून सुपर लीगचा करंडक जिंकला. त्यानंतर तिथेही खेळाडूंचे पगार थकले, नवे खेळाडू घेण्यावर फिफाची बंदी आली, आणि २०२५ मध्ये ती जागा दिल्लीला गेली. २०१९ मध्ये दिल्लीचाच एक संघ भुवनेश्वरला हलला होता, हे यातले आणखी एक गणित. पुणे, हैदराबाद, दिल्ली. तिन्ही शहरांतल्या समर्थकांना एका शब्दाने कोणी विचारले नाही. विचारण्याचे बंधनच कोणावर नव्हते.

मालकांची बाजू आम्हाला ठाऊक नाही असे नाही. सुपर लीगचा संघ चालवणे म्हणजे दरवर्षी काही कोटींचा खड्डा, हे ते सांगतात आणि ते खोटे नसावे. पुण्यात फुटबॉलवर कोणी गडगंज झाला, असाही आमचा आरोप नाही. आमचा आक्षेप हेतूवर आहे. ही साखळी उभी राहिली तेव्हा संघाला वर चढायची वाट नव्हती आणि खाली घसरायची भीतीही नव्हती. पैसे भरले की जागा मिळत होती. आय-लीगचा विजेता वर येण्याची सोय २०२२-२३ च्या हंगामापासून झाली. तोवर ही जागा घेणाऱ्यांपैकी अनेकांचा हिशेब एवढाच होता : आज घ्या, चार वर्षांत भाव वाढला की विका. भाव वाढला नाही. मग भाड्याच्या दुकानाचे शटर ओढावे तसा संघ बंद झाला. पैशाची हाव म्हणजे भरमसाट नफा कमावणे एवढेच नव्हे. जे वीस वर्षे जोपासल्याशिवाय फळत नाही, त्याच्याकडे चौथ्या वर्षी परतावा मागणे हीसुद्धा हावच.

यावर कोणी म्हणेल, धंदा तसाच चालतो. आम्ही कोल्हापूरकडे बोट दाखवू. राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की अर्धे शहर तिथे असते. त्या संघांना मालक नाही, पेठ आहे. पाटाकडील तालीम उद्या कोणी हैदराबादला नेऊन दाखवावी! तिथे राडे होतात, हुल्लडबाजी होते, तिची भलामण आम्ही करत नाही. पण संघ कोणाचा, हा प्रश्न तिथे शेंबड्या पोरालाही पडत नाही. मालक म्हणजे वाईटच, असेही आमचे म्हणणे नाही. गोव्यातल्या धेंपोने पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. २०१६ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या धोरणाचा निषेध म्हणून साळगावकर आणि स्पोर्टिंग यांच्यासह तो आय-लीगमधून बाहेर पडला, पण गोव्याच्या साखळीत खेळत राहिला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये दिसला. घराणे त्याच मातीतले होते, संघ कुठे नेणार?

परदेशात हा प्रश्न आपल्याआधी पेटला. २००२ मध्ये लंडनचा विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी स्वतःचा नवा क्लब काढला आणि २०११ पर्यंत तो व्यावसायिक साखळीत आणून दाखवला. एप्रिल २०२१ मध्ये इंग्लंडच्या सहा श्रीमंत क्लबांच्या मालकांनी युरोपची बंदिस्त ‘सुपर लीग’ काढायचा घाट घातला. समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन-तीन दिवसांत तो बेत कोसळला. त्यातून सुरू झालेल्या चौकशीचा शेवट जुलै २०२५ मध्ये कायद्यात झाला. त्या कायद्यानुसार क्लबाचे मैदान हलवायला स्वतंत्र नियामकाची परवानगी लागते, मानचिन्ह आणि जर्सीचे रंग बदलायला समर्थकांचा कौल लागतो. जर्मनीत, काही अपवाद वगळता, क्लबातली निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती असतात. इतके दूर जायचे नसेल तर कोलकात्याकडे पाहावे. मोहन बागानच्या नावापुढे २०२० मध्ये ‘एटीके’ लागले, समर्थक तीन वर्षे विरोध करत राहिले, आणि २०२३ मध्ये मालकाला ती अक्षरे काढावी लागली.

आमच्याकडे असा कायदा नाही, मोहन बागानची शंभरहून अधिक वर्षांची पुण्याई नाही. पण एक गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच हे निवेदन आपल्याकडे आणले आहे. मैदान सरकारचे आहे. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी जनतेच्या पैशातून उभे राहिले, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही इथेच झाल्या. पुण्यात राष्ट्रीय साखळीचा सामना भरवायचा तर दुसरे योग्य मैदान जवळपास नाही. म्हणजे पुण्याच्या नावावर धंदा करू पाहणाऱ्या प्रत्येक मालकाला आपल्या दारात यावेच लागते. आजवर त्याच्याकडून भाडे घेतले गेले. यापुढे भाड्याबरोबर वचनही घ्यावे, अशी आमची विनंती आहे.

सर्वांत आधी मुलांचा विचार व्हावा. संघ बंद झाला की पहिल्या संघातल्या नामवंत खेळाडूला दुसरीकडे करार मिळतो; अकादमीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळत नाही. आमच्यातल्या एका पालकाचा मुलगा अशाच एका अकादमीत होता. संघाचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही, कारण ही गोष्ट एका संघापुरती नाही. शाळा बदलून, वसतिगृहात राहून त्याने दहावीचे वर्ष काढले, आणि सुट्टीत घरी आला असताना ‘परत येऊ नका’ एवढाच निरोप आला. शिक्षणाचे काय, पुढे खेळायचे कुठे, हे सांगायला समोर कोणी नव्हते. डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी वानखेडेवर आला तेव्हा शासनाने ‘प्रोजेक्ट महादेवा’ सुरू करून तेरा वर्षांखालील मुलामुलींना पाच वर्षांची शिष्यवृत्ती देऊ केली. योजना चांगली आहे, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो. पण पाच वर्षांनी ही मुले अठराच्या आसपास पोहोचतील तेव्हा पुण्यात ती कोणत्या संघाकडून खेळणार? म्हणून मैदानाच्या करारातच असे लिहून घ्यावे की, अकादमीत घेतलेल्या प्रत्येक मुलाचा प्रशिक्षणाचा व शिक्षणाचा खर्च किमान तीन वर्षांपुरता वेगळ्या खात्यात ठेवला जाईल. मालक गेला तरी मुले क्रीडा प्रबोधिनी किंवा वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या देखरेखीखाली तो खर्च वापरून शिकत आणि खेळत राहतील.

दुसरी मागणी नावाची. पुण्याचे नाव, संघाचे मानचिन्ह, रंग आणि इतिहास मालकाच्या कंपनीकडे न राहता महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवलेल्या न्यासाकडे असावा. त्यावर पुणे जिल्हा फुटबॉल संघटना, माजी खेळाडू आणि समर्थकांनी निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत. मालकाला ते नाव वापरायला मिळेल, तो गेला तर नाव इथेच राहील आणि पुढचा मालक त्याच इतिहासाला जोडला जाईल. शून्यापासून सुरुवात करायची आम्हाला सवय झाली आहे, पण आवड नाही.

गाशा गुंडाळायचा असेल तर एक पूर्ण हंगाम आधी लेखी सूचना द्यावी आणि जाहीर सुनावणी घ्यावी, एवढे तरी किमान असावे. सोबत बँक हमी घ्यावी, आणि तिच्यातून पहिला हक्क किट सांभाळणारे, मैदानावरचे कामगार, मालिश करणारे, बसचालक यांचा असावा. मोठ्या प्रशिक्षकांच्या थकबाकीची तक्रार फिफाकडे जाते. यांची कोणाकडेच जात नाही. त्यानंतर सीझन पास घेतलेल्यांचे पैसे.

तिकिटाबद्दल थोडक्यात : एक स्टँड कायम स्वस्त राहावा आणि तिथे शाळांच्या संघांना मोफत प्रवेश असावा. सामन्याच्या रात्री पीएमपीएमएलच्या जादा बसचा खर्च आयोजकाने उचलावा. संघाच्या संचालक मंडळात समर्थकांचा एक प्रतिनिधी असावा, आणि वार्षिक हिशेब शहरासमोर मांडला जावा. मालक तोट्यात आहे असे म्हणतो ना? मग आकडे दाखवायला हरकत नसावी. तोटा खरा निघाला तर वर्गणी काढायला आम्हीच पुढे येऊ. गणेशोत्सवाची वर्गणी काढणाऱ्या शहराला ते अवघड नाही.

आपल्याकडे काय मागत नाही, तेही स्पष्ट करतो. शासनाने संघ विकत घ्यावा, मालकाला अनुदान द्यावे किंवा त्याचा तोटा भरून द्यावा, असे आम्ही सुचवत नाही. अटी कडक केल्या तर मालक पुण्याकडे पाठ फिरवतील, हा आक्षेप आम्हाला अपेक्षित आहे. फिरवू द्या. ज्याला तीन वर्षांचे वचन देववत नाही, त्याच्यासाठी पुन्हा जर्सी विकत घेण्याची आमची तयारी नाही.

ही वेळ निवडण्याला कारण आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा व्यापारी करार ८ डिसेंबर २०२५ रोजी संपला. त्या अनिश्चिततेमुळे २०२५-२६ चा हंगाम लांबला. २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेणारा सिटी फुटबॉल ग्रुपही त्याच महिन्यात बाहेर पडला. जगातल्या सर्वांत श्रीमंत फुटबॉल समूहांपैकी एक जर मुंबईतून उठून जात असेल, तर पुण्याने कोणाच्या भरवशावर राहायचे? साखळीची घडी नव्याने बसेल तेव्हा नवे गुंतवणूकदार शहरे शोधत येतील आणि बालेवाडीकडे पाहतील. ते येण्याआधी अटींचा मसुदा तयार असला पाहिजे. करारावर सही झाल्यानंतर आम्ही कितीही घोषणा दिल्या तरी उपयोग नाही.

तरी या निवेदनावर चर्चेसाठी आपण आम्हाला वेळ द्यावी, त्या बैठकीला वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन व पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या प्रतिनिधींनाही बोलवावे, आणि बालेवाडीचे मैदान यापूर्वी व्यावसायिक संघांना ज्या करारांन्वये दिले गेले त्यांच्या प्रती आम्हाला उपलब्ध करून द्याव्यात. तीस दिवसांत लेखी उत्तर मिळावे अशी विनंती आहे. उत्तर न आल्यास त्या प्रती आम्ही माहितीच्या अधिकारात मागू.

आपले विश्वासू,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील फुटबॉल समर्थक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
मा. मंत्री, क्रीडा व युवक कल्याण, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
मा. अध्यक्ष, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मुंबई