शेक देण्यापूर्वी

कोगनोळीच्या टोलनाक्याच्या दोन्ही अंगांना राहणारा कंपवाताचा रुग्ण औषधांसाठी कोल्हापूर किंवा बेळगाव गाठतो. मेंदूत इलेक्ट्रोड बसवायची वेळ आली, की मुंबई, पुणे नाहीतर बेंगळुरू. शस्त्रक्रिया तिकडे होते, पण पुढचं आयुष्य तो गावातच काढतो. खांदा धरला, दाढ ठणकली, की येतो आपल्याच दारात. म्हणून या महिन्याचं हे पान निपाणी, कागल, चिकोडी पट्ट्यातले जनरल प्रॅक्टिशनर, फिजिओथेरपिस्ट आणि दंतवैद्य यांच्यासाठी.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलमध्ये न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की मेंदूच्या खोल भागात जलद विद्युत स्पंदनं दिली तर कंप थांबतो. मुंबईत जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली, त्यालाही दोन दशकांहून अधिक काळ लोटला. सव्वा मिलिमीटर जाडीची तार, टोकाला बहुधा चार संपर्कबिंदू आणि सेकंदाला साधारण १३० स्पंदनं. तार कवटीतून निघून कानामागून, मानेच्या कातडीखालून छातीवरच्या बॅटरीच्या डब्यापर्यंत येते.

हीच तार डायथर्मीच्या मशीनसमोर जीवघेणी ठरते. शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. ती ऊर्जा तार ओढून घेते आणि टोकापाशी, म्हणजे थेट मेंदूत, उष्णता साठते. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने यावर इशारा दिला, तेव्हा दोन रुग्ण दगावल्याची नोंद त्यांच्यापुढे होती. एकाला तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर डायथर्मी दिली होती, दुसऱ्याला पाठीच्या कण्याच्या वाकासाठी. उपकरण बंद केलं तरी धोका टळत नाही. शेक शरीराच्या कुठल्याही भागाला दिला तरी टळत नाही. डबा काढून तार आत राहिली असेल, तरीही नाही. मायक्रोवेव्ह आणि उपचारासाठीचा अल्ट्रासाउंड यांनाही हीच मनाई लागू आहे.

आता आपल्या भागातलं चित्र डोळ्यांसमोर आणा. कंपवातात खांदा आखडणं ही नेहमीची तक्रार. कित्येकांत ती कंपाच्याही आधी सुरू होते. आखडलेल्या खांद्याला आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो तो ‘मशीनचा शेक घ्या’ हाच. म्हणजे ज्याला शेक चालणार नाही, तोच शेकाच्या खाटेवर येण्याची शक्यता जास्त. आणि ‘काही ऑपरेशन झालंय का?’ एवढंच विचारलं, तर म्हातारा माणूस मोतीबिंदू सांगतो, हर्निया सांगतो. डोक्याचं सांगेलच असं नाही. त्यापेक्षा शर्टाची वरची बटणं काढायला लावा, मुंडासं किंवा टोपी उतरवा. कॉलरबोनखाली काडेपेटीएवढा उंचवटा लागेल, कानामागे बोट फिरवलं तर तारही हाताला लागेल. या तपासणीला अर्धं मिनिट पुरतं. स्त्रियांच्या बाबतीत हे पदराआड राहून जातं, तिथे परिचारिकेची मदत घ्याच.

डब्यावरची कातडी लाल झाली, पाणी धरलं, तर सुई घालून पाहू नका, शस्त्रक्रिया केलेल्या केंद्राला कळवा. कुठल्याही छोट्या शस्त्रक्रियेत मोनोपोलर कॉटरी टाळा, बायपोलर वापरा. बरा चाललेला रुग्ण एकाएकी लाकडासारखा ताठ झाला, तर नुसता लेव्होडोपाचा डोस वाढवून घरी पाठवू नका. बॅटरी संपली असेल, ही शक्यता आधी धरा; साध्या बॅटऱ्या बहुधा तीन ते पाच वर्षांत संपतात. ताठरपणासोबत ताप आणि गुंगी असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवा. सीमेच्या कुठल्या बाजूचं, हा विचार तेव्हा करायचा नसतो.

शहरातल्या न्यूरोसर्जन मित्रांकडेही एक मागणं आहे. रुग्णाला मिळणारं उपकरणाचं कार्ड इंग्रजीत असतं आणि घरच्या ट्रंकेत पडून राहतं. डिस्चार्जच्या कागदांसोबत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतलं एक पान द्या. त्यावर डायथर्मीची मनाई ठळक छापा, बॅटरी बदलल्याची तारीख लिहा आणि रात्रीसुद्धा उचलला जाईल असा फोन नंबर द्या.