ऑर्किडचं दुखणं मुळाशी

दिवाळीत भेट म्हणून आलेली जांभळ्या फुलांची कुंडी दिवाणखान्यातल्या टीपॉयवर दोन-अडीच महिने झळकते. मग फुलं गळतात आणि पानं सुरकुतायला लागतात. घरचे हळहळतात, पाणी वाढवतात. होळीपर्यंत बुंधा मऊ पडतो, पानं लोळतात आणि कुंडी कचऱ्यात जाते. ‘ऑर्किड फार नाजूक, आपल्याकडे जगत नाही,’ एवढा निकाल घरात उरतो. हा निकाल साफ चुकीचा आहे.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, आणि आमऱ्या आपल्याकडे मुळीच परक्या नाहीत. सीतेची वेणी नावाची आमरी कोकणात, गोव्यात आणि घाटमाथ्यावर झाडांच्या खोडांवर वाढते. पावसाच्या तोंडावर तिचे पांढरे-जांभळे, वेणीसारखे घोस लोंबू लागतात. हीच आमरी आसामचं राज्यफूल आहे. बिहूत तिथल्या मुली ती अंबाड्यात माळतात. आपल्याकडे मात्र बरेच जण तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, आमरी झाडाचा फक्त आधार घेते. चार महिने धो धो पाऊस झेलून आणि पुढचे कित्येक महिने कोरडे काढून ती टिकते, कारण खोडावर पडलेलं पाणी लगेच ओघळून जातं आणि वारा मुळं सुकवतो. भिजणं आणि सुकणं, दोन्ही तिच्या मुळांना लागतं.

आता दुकानातली कुंडी बघावी. घरोघरी येणारी फुलपाखरासारख्या फुलांची जात म्हणजे फॅलेनॉप्सिस. तिची मुळं प्लास्टिकच्या पेल्यात ओल्या शेवाळात आवळून बसवलेली असतात आणि बाहेर चिनी मातीचं देखणं भांडं असतं. त्या भांड्याला तळाशी भोकच नसतं. घातलेलं पाणी तिथेच साचतं आणि मुळं महिनोन्‌महिने डबक्यात उभी राहतात. विकताना ‘आठवड्यातून एकदा पाणी घाला’ एवढंच सांगितलं जातं. हजार-पाचशे रुपये घेऊन झाड विकणाऱ्याने भोक नसलेलं भांडं देऊ नये आणि दोन खऱ्या सूचना लेखी द्याव्यात, ही अपेक्षा मुळीच जास्त नाही.

म्हणूनच पान आजारी दिसलं की आधी मूळ बघायचं. पेला बाहेर काढून उजेडात धरावा. कोरडं निरोगी मूळ चंदेरी-पांढरं दिसतं. त्यावर पाणी ओतलं की काही क्षणांत ते हिरवं होतं, कारण त्याच्या अंगावरचं स्पंजासारखं आवरण पाणी पिऊन पारदर्शक बनतं. मूळ चंदेरी दिसलं की पाणी द्यायचं, हिरवं असेल तर थांबायचं. वारांपेक्षा हे मोजमाप कितीतरी खरं आहे. शंका आली तर मूळ चिमटीत हलकेच दाबावं. जिवंत मूळ टणक लागतं. कुजलेलं मूळ पिचतं, त्याची साल बोटांत निघून येते आणि आत सुतळीसारखा नुसता दोरा उरतो.

सुरकुतलेल्या पानाचा सारा घोळ इथेच आहे. पान तहानलेलं असतं हे खरं. पण पाणी ओढायला मूळच शिल्लक नसतं. अशा झाडाला आणखी पाणी घालणं म्हणजे उरलेली मुळंही कुजवणं. कुजका भाग स्वच्छ कात्रीने कापावा, जुनं शेवाळ फेकून द्यावं आणि झाड कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरलेल्या, भरपूर भोकांच्या कुंडीत बसवावं. सुरकुतलेली पानं पूर्ववत होतीलच असं नाही. पुढचं नवं पान ताठ आलं की झाड सावरलं असं समजावं.

बाकीची लक्षणंही वाचता येतात. सर्वांत खालचं एखादं पान पिवळं पडून गळालं तर घाबरायचं कारण नाही, ते म्हातारं झालेलं असतं. उन्हाने भाजलेला डाग फिकट, मग काळपट होतो आणि तिथेच थांबतो. पाणी भरल्यासारखा ओलसर दिसणारा, दोन-तीन दिवसांत पसरत जाणारा डाग मात्र रोगाचा. तो थोड्या निरोगी भागासकट कापावा आणि कापलेल्या जागी दालचिनीची पूड लावावी; मुळांना ती लावू नये, मुळं वाळतात. पानाची टोकं काळी पडत असतील तर बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा जास्तीचं खत तपासावं. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. पाणी सकाळीच द्यावं. पानांच्या मधोमध पोंग्यात साचलेलं पाणी रात्रभर राहिलं तर झाडाचा शेंडाच कुजतो.

फुलांचं गणित पाण्यावर कमी आणि उजेडावर जास्त चालतं. गर्द हिरवी, चकचकीत पानं बघून लोक खूश होतात, पण ऑर्किडच्या बाबतीत ती बहुधा अंधाराची खूण असते. पुरेसा उजेड मिळालेलं पान किंचित पोपटी दिसतं. टीपॉयवरची जागा फुललेलं झाड मिरवायची आहे, वाढवायची नाही. त्याला पूर्वेची खिडकी द्यावी. दुसरी गरज गारव्याची. काही आठवडे रात्री गार मिळाल्या की फॅलेनॉप्सिसचा दांडा निघतो. मुंबईत थंडीतल्या रात्री त्यासाठी पुरतात, म्हणून झाड खिडकीत किंवा सावलीच्या गॅलरीत ठेवावं. पुण्या-नाशकात पारा १०-१२ अंशांवर उतरतो, तिथे रात्री ते आत घ्यावं. पानाच्या बगलेतून निघालेलं टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ. चपटं आणि किंचित दुमडलेलं असेल तर तो फुलांचा दांडा. दांड्याला कळ्या लागल्यावर कुंडी एसीच्या झोतात किंवा पिकत्या केळ्यांजवळ ठेवू नये. पिकणाऱ्या फळांतून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कळ्या पिवळ्या पडून गळतात.

खत म्हणून घातलेली चहाचा चोथा आणि अंड्याची टरफलं गुलाबाच्या मातीत खपून जातात. ऑर्किडच्या कुंडीत माती नसते, तिथे ती नुसती कुजतात आणि हवेची वाट बुजवतात. त्याऐवजी वाढीच्या दिवसांत १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, आधी ओल्या केलेल्या मुळांवर द्यावं.

पहिलंच ऑर्किड घेणाऱ्या मुंबई-कोकणातल्या माणसाने फॅलेनॉप्सिसपेक्षा डेंड्रोबियम घ्यावं. लग्नाच्या सजावटीत दिसणारी जांभळी-पांढरी फुलं बहुतेक याचीच असतात. उकाडा आणि दमट हवा त्याला मानवते. त्याच्या जुन्या, पानं गळालेल्या कांड्या वाळक्या समजून छाटू नयेत, पुढचा बहर त्यांच्यावरही येतो. सह्याद्रीतलं रानटी डेंड्रोबियम तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, एकही पान नसलेल्या कांडीवर पांढऱ्या फुलांनी लगडतं. ते रानातून उपटून मात्र कुणी घरी आणू नये. रोपवाटिकेत तयार झालेली रोपं सहज मिळतात.

आणि फुलं गळून गेलेली एखादी कुंडी घरात फेकायच्या वाटेवर असेल, तर आज तिची मुळं दाबून बघा. दोन-तीन जरी टणक लागली, तरी ते झाड वाचू शकतं.