आधी पाणी, मग कोळंबी

पेढीवर किंवा दिवाणखान्यात काचेच्या पेटीत मासे ठेवण्याची हौस व्यापारी घरांना नवी नाही. नवे आहे ते तिचे अलीकडचे रूप : पेटीत माशांऐवजी पाणवनस्पतींचे दाट हिरवे रान, आणि त्या रानात फिरणाऱ्या नखाएवढ्या तांबड्या कोळंब्या. ‘हिला काही करावे लागत नाही,’ असे सांगून दुकानदार ती विकतो. विधान खरे आहे, पण अर्धेच. पेटी एकदा स्थिरावली की तिला खरोखर फारसे काही लागत नाही. मात्र ती स्थिरावेपर्यंत जे करावे लागते ते टाळले, तर पहिल्या आठवड्यातच डझनभर जीव दगावतात. जीवदया मानणाऱ्या घरात हे नुकसान केवळ पैशांच्या रकान्यात मांडता येत नाही.

कोळंबी म्हटले की मासळीबाजार आठवतो, म्हणून थोडा खुलासा आवश्यक आहे. हौशी मंडळी जिला चेरी श्रिंप म्हणतात, ती गोड्या पाण्यातील जात असून तिचे शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी असे आहे. मूळ वास्तव्य चीन व तैवानकडचे. लांबी दोन ते तीन सेंटिमीटर. आयुष्य साधारण एक ते दोन वर्षे. निसर्गात तिचा रंग मातकट असतो. लाल, पिवळा, निळा हे निवड करून वाढवलेल्या वाणांचे रंग. शेवाळ, कुजकी पाने आणि दगड-पानांवर साचणारा सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर हे तिचे मुख्य खाद्य. तिला ‘शुद्ध शाकाहारी’ म्हणून खपवणारे विक्रेते जरा अधिकच बोलतात. मेलेली सोबतीणही ती सोडत नाही.

आपले आपण चालणाऱ्या पेटीची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये तेथील केमिकल सोसायटीपुढे आपला प्रयोग मांडला. त्यांनी पाण्याच्या भांड्यात दोन सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. काही काळाने पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. मग त्यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजके खाऊन टाकले आणि भांडे पुन्हा निवळले. त्या भांड्यात आणखी एक कामकरी वर्ग राबत होता, तो वॉरिंग्टन यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. तो म्हणजे जिवाणू.

सगळी मेख येथेच आहे. प्राण्यांची विष्ठा व उरलेले अन्न कुजून अमोनिया बनतो. जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो आणि ते नायट्रेट वनस्पती खत म्हणून उचलतात. पहिले दोन पदार्थ कोळंबीला अल्प प्रमाणातही घातक आहेत. नव्या पेटीत हे जिवाणू जवळजवळ नसतात. त्यांची पुरेशी वाढ होण्यास सहसा चार ते सहा आठवडे लागतात. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसते म्हणून ते सुरक्षित ठरत नाही. दर तीन-चार दिवसांनी माशांच्या खाद्याची चिमूट रिकाम्या पेटीत टाकावी आणि चाचणीच्या थेंबांनी पाणी तपासत राहावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही वर चढून पुन्हा शून्यावर येऊन टिकले, की पेटी तयार झाली.

हा काळ वाचवण्यासाठी ‘आधी दोन-चार स्वस्तातले मासे सोडा, पाणी मुरेल, मेले तर मेले’ असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. स्वस्त जिवाला विषात ठेवून महाग जिवाची सोय करण्याचा हा व्यवहार कोणत्याही घराने करू नये. जैन घराने तर नाहीच नाही. ज्याला सहा आठवडे रिकामी पेटी पाहवत नाही, त्याने भिंतीवर चित्र लावावे.

मुळात जिवाला पेटीत ठेवावे का, हा प्रश्न वडीलधारी मंडळी उपस्थित करतात आणि तो टाळण्याजोगा नाही. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ हा पहिलाच आहे. बंद पेटीत सुखाने वाढणाऱ्या कोळंब्यांना बंधन जाणवत नाही, असा युक्तिवाद सोयीचा असला तरी सिद्ध करता येण्यासारखा नाही. ज्या घराला हे पटत नाही, त्याने केवळ वनस्पतींची पेटी करावी. तिची शोभा रेसभरही कमी नसते; फक्त डासांनी अंडी घालू नयेत म्हणून वर बारीक जाळी बसवावी आणि पाणी हलते ठेवावे. ज्यांच्या घरी मुलांनी कोळंब्या आधीच आणल्या आहेत, त्यांच्यासाठी पुढील तपशील.

पेटी ४५ × ३० × ३० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे ४० लिटरची असावी. लहान पेटी सोपी वाटते, पण तिचे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. जावा मॉस, जावा फर्न, अनुबियास या वनस्पती मंद प्रकाशातही तगतात. अनुबियासचे आडवे खोड वाळूत पुरू नये, ते कुजते. क्रिप्टोकोरिनही उत्तम, तिच्या काही जाती तर आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतच उगवतात. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. स्पंजचा फिल्टर घ्यावा, कारण त्यात पिल्ले ओढली जात नाहीत. तो नळाखाली धुतल्यास क्लोरीनने जिवाणू मरतात. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. सुरुवात दहा कोळंब्यांनी करावी आणि खाद्य आठवड्यातून दोनदा, तेही दोन तासांत संपेल इतकेच घालावे. त्या कात टाकतात. ते पांढरे कवच मेलेली कोळंबी समजून काढू नये, त्यातला चुना त्या पुन्हा खातात.

घरातल्या काही चांगल्या सवयी येथे घात करतात. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेले पाणी माणसाला पथ्यकर मानले जाते. कोळंबीला तांबे विषारी आहे. पिण्याच्या यंत्राचे आर.ओ. पाणी इतके निःसत्त्व असते की कवच नीट बनत नाही; बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरून काढण्यास मात्र तेच योग्य, कारण क्षार मागेच राहिलेले असतात. डास व झुरळे मारण्याच्या फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड ही रसायने कोळंबीवर अत्यल्प मात्रेतही प्राणघातक ठरतात आणि हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. विदर्भ-सोलापूरच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांपलीकडे जाऊ लागले, तर पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. दोन-तीन अंश उतरतात.

वनस्पतींसोबत गोगलगायी हमखास येतात. त्यांच्यावर औषध टाकू नये; त्यांची संख्या वाढली म्हणजे खाद्य जास्त पडते आहे, एवढाच त्याचा अर्थ. खाद्य कमी केले की त्या आपोआप आवरतात.

मादी वीस-तीस अंडी पोटाखाली सुमारे महिनाभर वागवते. पेटी जमली तर काही महिन्यांत दहाच्या शंभर होतात, आणि तेव्हा एखादा सहृदय माणूस ‘जीव सोडवू या’ म्हणून त्या तलावात किंवा मंदिराच्या कुंडात नेऊन सोडतो. हेतू कितीही पवित्र असला, तरी परकी जात स्थानिक जिवांच्या अन्नात वाटेकरी होते. जर्मनी, जपान आणि हवाई येथील उघड्या पाण्यात ही कोळंबी अशीच पसरली आहे. दुसऱ्या हौशी घरास देणे हाच मार्ग. ते घर आधीच पाहून ठेवावे.

राहिला प्रश्न पाणी बदलण्याचा. दोन आठवड्यांतून एकदा, दहापैकी एक भाग पाणी काढले तरी पुरते. नवे पाणी क्लोरीन मारणाऱ्या औषधाचे थेंब घालून, थोडे थोडे ओतावे. नुकतीच जन्मलेली पिल्ले दोन मिलिमीटरची आणि जवळपास पारदर्शक असतात. ती नळीतून बादलीत येतात आणि दिसत नाहीत. पाणी गाळून गळण्यावरची जीवाणी पुन्हा त्याच जलाशयात पोहोचवण्याची रीत ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळली गेली, त्यांना हे वेगळे शिकवावे लागू नये. बादलीवर पांढरे गळणे बांधावे, त्यातून पाणी सावकाश सोडावे आणि गळणे पेटीतच उलटे करून झटकावे.