आमच्या प्रेमाला दंगल कशाला हवी?

२०१० चा सतीश राजवाडेंचा ‘मुंबई-पुणे-मुंबई’ आठवा. स्थळ नाकारायला आलेली मुंबईची मुलगी, पुण्याचा मुलगा, एक दिवस, गप्पा. दोघांची नावंही कळत नाहीत. गोडवा त्या साधेपणातच आहे. पण नाव नसूनही ते मुसलमान असू शकतील, हे माझ्यासारख्या मुसलमान प्रेक्षकाच्याही मनात आलं नाही!

आसनगावहून लोकल पकडणारी शहापूरची मुसलमान मुलगीही मराठीतच भांडते, लाजते, स्थळं नाकारते. मग पडद्यावर आमच्या प्रेमाला दंगल किंवा तलाक लागतोच का? सहानुभूती नको, नुसत्या गप्पांचा एक दिवस हवा. आणि पोरांनो, तो कुणी देईल म्हणून थांबू नका. मोबाईल हातात आहे, शूट करा.