कोऽहम्?

‘प्रश्न नीट वाच, मग उत्तर लिही’ असें आम्ही जन्मभर मुलांना बजावीत आलों. तोच धडा उतारवयांत आमच्या सूनबाईंपुढें बसून गिरविण्याचा प्रसंग आम्हांवर आला, तो वाचकांच्या कानावर घालितों.

सूनबाई विद्यापीठांत संशोधन करितात. त्यांचें काम तेथील युनिक्स प्रणालीच्या मोठ्या संगणकावर चालतें, आणि घरच्या लहान संगणकावरून त्या त्याच्याशीं संधान बांधितात. युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. आरंभीं त्याच्याशीं बोलावयाचें तें टंकयंत्रावरून. पुढें कागदाची जागा कांचेच्या पडद्यानें घेतली. १९७८ सालीं निघालेलें ‘व्हीटी १००’ हें त्यांतलें नामांकित यंत्र. त्यावर २४ ओळी व ओळींत ८० अक्षरें मावत. टंकलेलें अक्षर मोठ्या संगणकाकडे धाडावें, तेथून आलेलें दाखवावें, एवढेंच त्याचें काम.

आजचा घरचा संगणक त्याहून कितीतरी समर्थ. तथापि युनिक्सशीं बोलतांना तो त्या जुन्या यंत्राचें सोंग घेतो. ज्या संकेतांनीं ‘व्हीटी १००’चा पडदा पुसला जाई, ते संकेत ही सोंगाची खिडकी आजही ओळखते. पूर्वीं टेलनेटच्या वाटेनें परवलीचा शब्द उघडाच जाई. फिनलंडांतील तातू इलोनेन यांच्या विद्यापीठांत असे शब्द चोरीस गेले, तेव्हां त्यांनीं १९९५ सालीं एस्‌एस्‌एच् ही कूटलेखनाची वाट काढिली. सूनबाई तिनेंच जातात.

सोंग इतकें हुबेहूब, कीं आमची फसगत झाली. एके दुपारीं सूनबाई दूरध्वनि घेण्यास उठून गेल्या. खिडकी उघडीच होती. आमच्या सुभाषितसंग्रहाचा जुना खर्डा ‘नोट्स’ या नांवानें घरच्या संगणकावर होता. तो काढून टाकण्यास त्यांनींच शिकविलेली ‘आर्‌एम्’ ही आज्ञा आम्हीं दिली. युनिक्सनें ‘खरेंच का?’ असें विचारलेंही नाहीं. ‘नोट्स’ नाहींसें झालें, पण तें विद्यापीठांतलें! सूनबाईंचीं टिपणें त्याच नांवानें होतीं.

आम्हांस घाम फुटला. गप्प बसण्याचा मोह झाला, हें कबूल करितों. परंतु ज्यानें जन्मभर मुलांकडून चुका वदवून घेतल्या, त्यानें आपली कशी लपवावी? सांगून टाकलें. सूनबाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाहीं. तेथें रात्रीं घेतलेली प्रत होती, तीवरून टिपणें परत मिळालीं; सकाळपासून लिहिलेलें मात्र गेलें तें गेलेंच.

त्या एवढेंच म्हणाल्या, “मामंजी, आज्ञा करण्यापूर्वीं आपण कोठें आहों, तें यंत्रालाच विचारावें.” त्यांनीं ‘होस्टनेम’ असें टंकिलें, विद्यापीठाच्या संगणकाचें नांव आलें. “आतां ‘हू-ॲम-आय’ विचारा.” म्हणजे, मी कोण? आम्हीं विचारलें, आणि पडद्यावर सूनबाईंचें नांव उमटलें! घरांत हंशा पिकला.

आम्हीही हंसलों, पण रात्रीं झोंप लागेना. ‘कोऽहम्’ हा प्रश्न आम्हीं वर्गांत कितीदां तरी समजावून दिला. स्वतःस कधीं विचारला नव्हता. त्या यंत्राच्या लेखीं आम्ही तेथें नव्हतोंच. कृति आमची, ती जमा झाली त्यांच्या नांवावर. एकत्र कुटुंबांत वडीलकीच्या भरांत आपण दुसऱ्याच्या कामांत अशाच आज्ञा सोडतों, आणि भार वाहतात धाकटीं माणसें.

उठतांना ‘एक्झिट’ टंकून दार लावावें, हा धडा सूनबाईंनीं घेतला. दार उघडें दिसलें, तरी आंत शिरण्यापूर्वीं मी कोण व कोठें हें विचारावें, हा आम्हीं घेतला.