पाणी न पिण्याची कारणं

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे सहज जातो. अशा उन्हात एसटीने निघायचं असलं की आमच्याकडच्या बायका सकाळपासून पाणी बंद करतात. का? तर, "पिऊन काय करू बाप्पा? रस्त्यात जागा हाय का कुठी?" हेच उत्तर पुण्यातल्या टीममेटकडूनही ऐकलंय, फक्त शुद्ध भाषेत. पुरुषांचं काय, भिंत दिसली की प्रश्न सुटला!

मग कधीतरी लघवीला जळजळ सुरू होते. सारखं जावंसं वाटतं, होते थेंबभर, ओटीपोट दुखतं. युरिन इन्फेक्शन. बहुतेक वेळा गुन्हेगार ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला जंतू. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमीचा, त्यामुळे त्याला मूत्राशय गाठायला वेळ लागत नाही. भरपूर लघवी झाली तर तो वाहून जातो. पाणी तोडून तासन्‌तास दाबून धरलं की मात्र त्याला आत वाढायला निवांत वेळ मिळतो.

यावर घरचा इलाज म्हणजे मेडिकलमधून आणलेलं सायरप आणि दोन-चार गोळ्या. सायरपने जळजळ कमी होते, जंतू मरत नाहीत. आणि अँटिबायोटिक मनाने घेऊन मनानेच बंद करणं म्हणजे बग तसाच ठेवून अलर्ट बंद करणं. लघवीची तपासणी, वारंवार होत असेल तर कल्चर आणि डॉक्टरांनी दिलेला पूर्ण कोर्स. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या असतील तर किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं. तेव्हा आणि गरोदरपणात एक दिवसही थांबू नका.

असो. माझा मुद्दा औषधाचा नाहीच. "पाणी पीत जा, स्वच्छता पाळा" असं बाईला सांगून आपण मोकळे होतो. मुंबईत २०११ मध्ये 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली. 'मिळून साऱ्याजणी'च्या याचिकेवर डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी रस्त्यांवर स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. अकोल्यालाही महापालिकाच आहे की!

बरं, आपल्याला जमत नाही असंही नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनेस रेकॉर्ड झाला. त्याच रस्त्यावर दर पंचवीस किलोमीटरला बायकांसाठी एक स्वच्छतागृह, आत पाणी, दाराला कडी, रात्री दिवा... याला किती तास लागतील?