आजार गेला, आरोग्य आले काय?

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात नापास झालेला एखादा मुलगा खोलीचे दार लावून घेतो. जेवण तुटते, झोप उडते, बोलणे खुंटते. 'वयच तसे आहे' अशी महिनाभर स्वतःची समजूत घातल्यावर आईवडील त्याला मनोविकारतज्ज्ञाकडे नेतात. औषधे सुरू होतात. तीन महिन्यांत झोप लागते, भूक परतते, रडणे थांबते. केसपेपरवर 'सुधारणा' हा शब्द उमटतो आणि सारे घर सुटकेचा निःश्वास टाकते. मुलगा मात्र अजूनही दिवसभर आढ्याकडे पाहत पडलेला असतो. त्याला कशाची ओढ नाही, कोणा मित्राची आठवण नाही, उद्याचा बेत नाही. लक्षणे गेली, पण माणूस परतला नाही. हा मुलगा बरा झाला काय?

मानसोपचाराचा रूढ व्यवहार या प्रश्नाला बेधडक 'हो' म्हणतो. उपचारकाची सारी भाषाच उणिवांची आहे. झोप किती कमी, चिंता किती अधिक, मरणाचे विचार येतात काय, हे तो विचारतो आणि ते विचारलेच पाहिजे. परंतु कोणत्या कामात मन रमते, कोणासाठी जगावेसे वाटते, संकटात हाक मारावी असे कोण आहे, या प्रश्नांना त्याच्या कागदावर रकानाच नसतो. उणे शून्यावर आणले की कर्तव्य संपले! शून्याच्या पलीकडचा प्रदेश जणू त्याच्या हद्दीबाहेरचा.

हा दृष्टिकोन अपुरा असल्याचे जगाने फार पूर्वीच मान्य केले आहे. आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९४८ साली अमलात आलेल्या घटनेतच नमूद आहे. १९५८ मध्ये मारी याहोदा या विदुषीने सकारात्मक मानसिक आरोग्याचे सहा निकष मांडले : स्वतःकडे पाहण्याची निकोप दृष्टी, सतत वाढण्याची वृत्ती, मनाची एकसंधता, स्वतःचे निर्णय स्वतः घेण्याची क्षमता, वास्तवाचे यथार्थ भान आणि परिस्थितीवर पकड. या यादीत 'सदैव आनंदी असणे' कोठेही नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. याच याहोदांनी सहकाऱ्यांसह ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाचा अभ्यास करून तो १९३३ मध्ये प्रसिद्ध केला होता. कापडगिरणी बंद पडून सारे गाव बेकार झाले होते. हाती वेळच वेळ होता. तरी लोकांचे वाचन वाढण्याऐवजी घटले आणि दिवस कसा गेला हे पुरुषांना सांगता येईना. त्यांना कोणताही मनोविकार जडला नव्हता. काम आणि प्रयोजन गेले, त्याबरोबर मनाचा कणाच मोडला. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील घरे ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढे २००२ मध्ये अमेरिकी समाजशास्त्रज्ञ कोरी कीज यांनी आकडेवारीनिशी दाखवले, की मनोविकार नसणे आणि मन बहरलेले असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. त्यांनी अभ्यासलेल्या अमेरिकी प्रौढांपैकी जेमतेम १७ टक्के खऱ्या अर्थाने बहरलेले होते. सुमारे १२ टक्के माणसांना नैराश्याचा आजार नव्हता, तरीही ती आतून कोमेजलेली होती. इटलीतील बोलोन्या येथील मनोविकारतज्ज्ञ जोव्हानी फावा यांनी तर हा विचार थेट उपचारात आणला. रुग्णाने दुःखाची नव्हे, तर बरे वाटलेल्या क्षणांची रोजनिशी लिहायची आणि तो क्षण कोणत्या विचाराने मोडला, ते उपचारकासह शोधायचे. वारंवार नैराश्य येणाऱ्या ४० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धत समाविष्ट असलेला मानसोपचार ज्यांना मिळाला, त्यांच्यापैकी २५ टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत उलटला; इतरांमध्ये हे प्रमाण ८० टक्के होते. अभ्यास लहान खरा. पण सकारात्मक आरोग्य ही चैन नसून आजाराविरुद्धची तटबंदी आहे, हे त्यातून सूचित होतेच.

मग उपचारक हे स्वीकारत का नाहीत? काहींना वेळ नाही, काहींना प्रशिक्षण नाही. काहींनी मात्र उलटेच टोक गाठले आहे. १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष असताना मार्टिन सेलिगमन यांनी माणसाच्या बलस्थानांचा शास्त्रीय अभ्यास करण्याची हाक दिली. तिचे आपल्याकडे पोहोचेपर्यंत काय झाले? हॉटेलांच्या सभागृहांतून दोन दिवसांची शिबिरे, आरशापुढे उभे राहून स्वतःची स्तुती, 'नकारात्मक विचार येऊच देऊ नका' असा दरडावणीवजा उपदेश! चार दिवसांच्या अभ्यासक्रमावर समुपदेशकाची पाटी लावणाऱ्यांचा हा धंदा तेजीत आहे. ज्याचे मूल गेले त्याला हसायला सांगणे हा उपचार नव्हे, क्रौर्य आहे. अल्बर्ट एलिस यांनी आणि त्यांची विवेकनिष्ठ पद्धती मराठी माणसापर्यंत नेणाऱ्या कि. मो. फडके यांनी हा भेद स्वच्छ सांगितला आहे : दुःख वाटणे निरोगीपणाचे, दुःखाखाली चिरडून जाणे घातक.

यावर एक परिचित उत्तर तयार असते : 'आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते.' ते खोटे नाही. सुश्रुताने स्वस्थ माणसाची व्याख्या करताना शरीरातील समतोलाबरोबरच आत्मा, इंद्रिये व मन यांची प्रसन्नता अनिवार्य मानली. कुरुक्षेत्रावर गळून बसलेल्या अर्जुनाला कोणी हसायला सांगितले नाही. त्याचे म्हणणे आधी पुरते ऐकले गेले, त्याच्या शंकांना उत्तरे मिळाली आणि अखेरीस निर्णय त्याच्यावरच सोपवण्यात आला. परंतु हा वारसा मिरवणाऱ्या घरांत आज काय घडते? खचलेल्या मुलाला 'आमच्या वेळी असली थेरं नव्हती' असे सुनावले जाते. सुनेची गोळ्यांची पाकिटे पाहुण्यांपासून लपवली जातात. मनोविकारतज्ज्ञाकडे जाणे म्हणजे कुळाला डाग! पूर्वजांचे ज्ञान भाषणात आणि स्वतःचे मूल बंद दाराआड, ही विसंगती आधी दूर झाली पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. जेथे आजारालाच औषध नाही, तेथे बहरण्याच्या गोष्टी कशाला? पण डॉक्टर अपुरे आहेत म्हणूनच हा विचार निकडीचा ठरतो. आजार उलटून येत राहिला, तर आहेत तेवढे उपचारकही त्याच त्या रुग्णांत अडकून पडतील. शिवाय हे काम एकट्या डॉक्टरचे नाही. शाळा, व्यायामशाळा, भजनी मंडळ, वाचनालय, शेजार यांचा त्यात वाटा आहे. ठाण्यातील 'आयपीएच' ही संस्था १९९० पासून उपचारांच्या जोडीने लोकशिक्षणही करत आली आहे. हा मार्ग महाराष्ट्राला अपरिचित नाही. तो राजमार्ग झालेला नाही, एवढेच.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांच्या यादीत २२,७४६ आत्महत्यांसह महाराष्ट्र पहिला होता. या यादीत राज्याचे नाव सर्वांत वर असणे ही प्रत्येक घराला अस्वस्थ करणारी गोष्ट आहे.

औषधांना पर्याय नाही तेथे ती घेतलीच पाहिजेत आणि डॉक्टरांना न विचारता ती थांबवणे घातक आहे. 'टेली मानस'चा १४४१६ हा क्रमांक घराघरांत ठाऊक असला पाहिजे. परंतु उपचारकानेही पहिल्याच भेटीत दुखण्याबरोबर बळाचीही चौकशी करावी, कुटुंबाला उपचारात सामील करून घ्यावे आणि माणूस कामात, नात्यांत, निर्णयांत परतला की नाही हे पाहिल्याखेरीज 'सुधारणा' हा शब्द लिहू नये. घरच्यांनी त्या मुलाला निकालाविषयी विचारणे थांबवून सकाळी सोबत फिरायला न्यावे. घरातले एखादे काम विश्वासाने त्याच्यावर सोपवावे. तो आढ्याकडे पाहत पडला आहे तोवर उपचार संपलेला नाही.